ए-लेव्हलला फिलॉसॉफी ऑफ रिलिजन: गुण कुठे जातात आणि या चुका कशा टाळायच्या

‘पेलीच्या घड्याळाच्या दृष्टांतावर ह्यूमने टीका केली.’ सिक्स्थ फॉर्मच्या (ए-लेव्हल शिकण्याच्या, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या) निबंधांत हे वाक्य सर्रास सापडतं. घड्याळाच्या रचनेवरून जसा घड्याळजी, तसा जगाच्या रचनेवरून ईश्वर, असा हा दृष्टांत. ह्यूम १७७६ साली वारला. त्याचे धर्मविषयक ‘डायलॉग्ज’ त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापले गेले. पेलीचं ‘नॅचरल थिऑलॉजी’ आलं १८०२ साली. ज्या पुस्तकावर ह्यूमने टीका केली असं आपण लिहितो, ते त्याच्या हयातीत अस्तित्वातच नव्हतं. नुसती सनावळी पाठ करून ही चूक सुटत नाही. कोणता आक्षेप कोणत्या युक्तिवादाच्या नेमक्या कोणत्या विधानावर बसतो, हे तपासायची सवय लागली की सुटते. या विषयातल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे, म्हणून खालच्या प्रत्येक मुद्द्यात तोच प्रश्न पुन्हा येईल.

आधी आपला पेपर ओळखा

इंग्लंडमध्ये बहुतेक मुलं फिलॉसॉफी ऑफ रिलिजन शिकतात ती रिलिजस स्टडीज या ए-लेव्हलचा भाग म्हणून. पेपरचं रूप परीक्षा मंडळानुसार बदलतं. ओसीआरमध्ये (कोड एच५७३) त्याचा स्वतंत्र पेपर आहे: दोन तास, चारपैकी तीन प्रश्न, प्रत्येकी ४० गुण. एक्यूएमध्ये (कोड ७०६२) तो नीतिशास्त्राबरोबर तीन तासांच्या १०० गुणांच्या पेपरात येतो, आणि प्रत्येक प्रश्नाचे दोन तुकडे असतात: १० गुण आकलनाचे, १५ मूल्यमापनाचे. एक्यूएचाच ‘फिलॉसॉफी’ नावाचा निराळा ए-लेव्हल आहे (कोड ७१७२). त्यातही ईश्वरावर एक अख्खा विभाग आहे, पण तिथे ३ आणि ५ गुणांचे छोटे प्रश्नही असतात आणि उत्तराची रीत वेगळी असते. इंटरनेटवरच्या नोट्स उतरवून घेताना मुलं हे दोन विषय हमखास मिसळतात. नोट्सवर कोड नसेल तर त्या वापरू नका. स्कॉटलंडमधल्या ‘हायर’ या परीक्षेचा अभ्यासक्रम तर संपूर्ण निराळा आहे.

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावरून स्पेसिफिकेशन (अधिकृत अभ्यासक्रम) उतरवून घ्या आणि फिलॉसॉफीची पानं छापून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. त्यात ज्यांची नावं छापलेली आहेत, त्यांच्यावर थेट प्रश्न येऊ शकतो. ज्यांची नाहीत, ते तुमच्या उत्तराला बळ देण्यापुरते. अभ्यासाचा वेळ त्या हिशोबाने वाटा.

पुढची उदाहरणं मुख्यतः ओसीआरच्या धाटणीची आहेत. तिथे ४० पैकी १६ गुण ज्ञान-आकलनाला आणि २४ मूल्यमापनाला असतात. शिक्षक यांनाच एओ१ आणि एओ२ म्हणतात.

विषय आला की माहीत असलेलं सगळं ओतणं

प्रश्न समजा असा आहे: ‘कांटच्या टीकेमुळे ऑन्टॉलॉजिकल युक्तिवाद (ईश्वराच्या नुसत्या संकल्पनेवरून त्याचं अस्तित्व सिद्ध करू पाहणारा) निकालात निघतो का?’ ठरलेलं उत्तर असं येतं: अ‍ॅन्सेल्मचं चरित्र, ‘प्रोस्लोगियन’चा दुसरा अध्याय, मग तिसरा, मग गॉनिलोचं बेट, मग देकार्तचा त्रिकोण, आणि शेवटच्या सहा ओळींत कांट. प्रश्न कांटवर होता. परीक्षकाला एओ१ साठी थोडं काही मिळतं, एओ२ साठी जवळपास काहीच नाही.

दुरुस्ती अशी. प्रश्नातला वाद एका वाक्यात लिहा: अस्तित्व हा गुणधर्म नाही, हे मान्य केलं तर युक्तिवाद कोसळतो का? मग पहिल्या परिच्छेदात फक्त तेवढाच अ‍ॅन्सेल्म आणि देकार्त मांडा जेवढा या वादाला लागतो. कांटचे आक्षेप इथे दोन आहेत, एक नाही, आणि बहुतेकांना दुसराच तेवढा आठवतो. पहिला: त्रिकोण मानला तर तीन कोन मानावेच लागतात, पण त्रिकोणच नाकारला तर कोनही जातात आणि विसंगती काही उरत नाही. म्हणजे ‘ईश्वर असेल तर तो अनिवार्यपणेच असेल’ इतकंच सिद्ध होतं. दुसरा: ‘आहे’ म्हटल्याने संकल्पनेत नवं काही भरत नाही, खऱ्या शंभर थालरांच्या संकल्पनेत कल्पनेतल्या शंभर थालरांहून एकही नाणं जास्त नसतं. आता नॉर्मन माल्कमला आणा. १९६० साली त्याने म्हटलं की कांटचा दुसरा आक्षेप अ‍ॅन्सेल्मच्या दुसऱ्या अध्यायाला लागू पडतो. तिसऱ्या अध्यायात मात्र साधं अस्तित्व नसून अनिवार्य अस्तित्व आहे, आणि तो गुणधर्म ठरू शकतो. मग विचारा: माल्कमने दुसरा आक्षेप चुकवला असेल, पण पहिला चुकवला का? हा प्रश्न ज्या निबंधात येतो, तो वरच्या पट्ट्यात जातो.

गॉनिलो म्हणतो की याच तर्काने सर्वोत्तम बेटही अस्तित्वात असल्याचं सिद्ध होईल. त्याच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा की अ‍ॅन्सेल्मने त्याला उत्तर दिलेलं आहे: हा तर्क फक्त ‘ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही’ अशा एकालाच लागू होतो, बेटासारख्या सांत वस्तूला नाही. बेटाच्या दृष्टांतावर निबंध संपवू नका.

‘सगळ्याला कारण असतं, मग देवाचं कारण काय?’

अक्वायनसवर सर्वाधिक अन्याय इथे होतो, आणि सर्वाधिक गुणही इथेच गळतात. म्हणून यावर जरा थांबू.

अक्वायनसने ‘सगळ्याला कारण असतं’ असं विधान केलेलं नाही. ‘सुम्मा थिऑलॉजिए’च्या पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, तिसरं कलम उघडा. पाचही मार्ग तिथे दोनेक पानांत मावतात. दुसरा मार्ग म्हणतो: इंद्रियगोचर जगात कार्यकारणांची मांडणी दिसते; कोणतीही वस्तू स्वतःचं कारण असू शकत नाही; या मालिकेत पहिलं कारणच नसेल तर मधली कारणं नसतील आणि शेवटचं कार्यही नसेल. ‘सगळं’ हा शब्द आधारविधानात नाहीच. त्यामुळे ‘मग देवाचं कारण काय’ हा प्रश्न, जो अनेक मुलं विजयी थाटात लिहितात, त्या युक्तिवादाच्या एकाही विधानाला लागत नाही.

दुसरी गफलत म्हणजे हा युक्तिवाद जगाच्या आरंभाविषयी आहे असं समजणं. जगाला आरंभ होता हे श्रद्धेने मानावं, तर्काने ते सिद्ध होत नाही, असं अक्वायनसने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याची मालिका भूतकाळात मागे जाणारी नाही. ती या क्षणी उभी आहे: दगड हलतो कारण काठी हलते, काठी हलते कारण हात हलतो. हात थांबला की सगळं थांबतं. म्हणून एकामागून एक पडणाऱ्या डॉमिनोंचं चित्र, जे अनेक रिव्हिजन व्हिडिओंमध्ये असतं, इथे चुकीचं आहे. पहिला डॉमिनो पडून नाहीसा झाला तरी बाकीचे पडत राहतात.

आरंभावर उभा असलेला युक्तिवाद निराळा: कलाम. अल-गझालीने अकराव्या शतकात मांडलेला, आणि १९७९ साली विल्यम लेन क्रेगने नव्याने उचललेला. ‘ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं’ हे त्याचं आधारविधान. बिग बँगचा मुद्दा त्याला लागू होतो, अक्वायनसच्या पहिल्या तीन मार्गांना नाही. बिग बँगमुळे अक्वायनस खरा ठरला किंवा खोटा ठरला, ही दोन्ही वाक्यं खोडा.

मग अक्वायनसवर खरी टीका कुठे बसते? तिसऱ्या मार्गात एक उडी आहे. प्रत्येक नश्वर वस्तू कधी ना कधी नसते, म्हणून एक वेळ अशी होती की काहीच नव्हतं, असं तो म्हणतो. वर्गातलं प्रत्येक मूल वर्षात कधी ना कधी गैरहजर राहिलं, एवढ्यावरून एखाद्या दिवशी अख्खा वर्ग रिकामा होता असं ठरत नाही. हा दोष नेमका कोणत्या पायरीवर आहे ते बोट ठेवून दाखवता आलं, तर ते दहा ओळींच्या सामान्य टीकेहून मोलाचं.

दुसरी टीका ह्यूमच्या ‘डायलॉग्ज’च्या नवव्या भागातली, क्लिएन्थीस या पात्राच्या तोंडची: वीस कणांच्या समूहातल्या प्रत्येक कणाचं कारण सांगितलं, तर समूहाचं वेगळं कारण मागणं निरर्थक आहे. हाच धागा २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीवर झालेल्या रसेल आणि कोपलस्टन यांच्या चर्चेत येतो. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असं नाही, हा रसेलचा दाखला. कोपलस्टनचं उत्तर असं की परावलंबी वस्तू कितीही गोळा केल्या तरी बेरीज परावलंबीच राहते. इथे निबंधाने निवाडा करायला हवा. अवयवांचा गुण समूहाला कधी लागतो आणि कधी लागत नाही? लाल विटांची भिंत लालच असते. हलक्या विटांची भिंत हलकी असेलच असं नाही. परावलंबित्व यांतल्या कोणत्या जातीचं? याचं कारणासहित उत्तर द्या, कोणत्याही बाजूने. गुण बाजूला नाहीत, कारणाला आहेत.

घरात बालभारतीचं अकरावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक असेल तर ते जरूर काढा. आधारविधान, निष्कर्ष, वैधता, निगामी (निष्कर्ष आधारविधानांतून अटळपणे निघतो) आणि विगामी (निष्कर्ष फक्त संभाव्य ठरतो) युक्तिवादांतला फरक मराठीतून एकदा पक्का झाला की अ‍ॅन्सेल्मला ‘पुरावा कुठे आहे?’ आणि पेलीला ‘ही शंभर टक्के सिद्धता नाही’ असे चुकीच्या जागी मारलेले आक्षेप आपोआप बंद होतात. अ‍ॅन्सेल्म निगामी आहे, त्याला अनुभवाचा पुरावा लागत नाही. पेली बहुधा विगामी वाचला जातो, त्याने निश्चितीचा दावा करायची गरज नाही.

पेली आणि ह्यूम एका निबंधात आणायचे तर

आणता येतात. वाक्यरचना फक्त बदला: ‘ह्यूमने पेलीवर टीका केली’ ऐवजी ‘ह्यूमने आधीच मांडलेले आक्षेप पेलीला लागू पडतात का?’ आता हा प्रश्न खरोखर तपासण्याजोगा होतो. जग आणि मानवी यंत्र यांतलं साम्य दुबळं आहे, हा ह्यूमचा आक्षेप सादृश्यावर बसतो. पण पेली सादृश्यावर उभा आहे का? अनेक अभ्यासकांचं वाचन असं की तो घड्याळ आणि डोळा दोन्हींत एकच गुण दाखवतो, भाग हेतूसाठी जुळवलेले असणं, आणि त्या गुणावरून रचनाकाराकडे जातो. तसं असेल तर साम्याचं दुबळेपण त्याला फारसं झोंबत नाही. घड्याळ कधी कधी चुकतं, आपण घड्याळ बनताना पाहिलेलं नाही, हे आक्षेप पेलीने पहिल्याच अध्यायात स्वतः उभे करून त्यांना उत्तरं दिली आहेत. ते ‘पेलीच्या लक्षात आलं नाही’ म्हणून लिहू नका.

ह्यूमचं पुस्तक संवादरूपात आहे. रचनेचा युक्तिवाद क्लिएन्थीस मांडतो, आक्षेप बहुतांशी फिलो घेतो. ‘ह्यूम म्हणतो’ असं लिहून क्लिएन्थीसचं वाक्य देणं ही गंभीर चूक आहे. पात्राचं नाव लिहा. वाचायला दुसरा भाग घ्या, मग पाचवा ते आठवा. पाचव्यात अनेक देव किंवा शिकाऊ देव ही शक्यता येते, आठव्यात निव्वळ कणांच्या उलथापालथीतून स्थैर्य येण्याची. दुष्टतेसाठी दहावा आणि अकरावा. पुस्तक लहान आहे आणि गद्य सुंदर आहे. ते सारांशातून वाचणं म्हणजे या अभ्यासातला सर्वांत मोठा आनंद सोडून देणं.

दुष्टतेचा प्रश्न: दोन प्रश्नांना एक समजणं

जे. एल. मॅकीचा १९५५ चा लेख म्हणतो की सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला ईश्वर आणि दुष्टता ही विधानं एकत्र नांदूच शकत नाहीत. हा तार्किक प्रश्न. विल्यम रो याचा १९७९ चा लेख म्हणतो की एकत्र नांदणं शक्य असेलही, पण जंगलाच्या वणव्यात भाजून कित्येक दिवस तडफडून मरणारं हरणाचं पाडस पाहता ईश्वर असणं असंभाव्य वाटतं. हा पुराव्याचा प्रश्न. पहिल्याला उत्तर द्यायला एक सुसंगत शक्यता दाखवली तरी पुरतं. दुसऱ्याला तेवढ्याने पुरत नाही. प्लँटिंगाचा १९७४ चा स्वेच्छेवरचा बचाव पहिल्यासाठी आहे. तो ‘ईश्वर दुष्टता का राहू देतो’ हे सांगतच नाही, फक्त विसंगती नाही एवढं दाखवतो. त्याला थिऑडिसी (ईश्वर दुष्टता का राहू देतो याचं समर्थन) म्हणणं आणि मग तो पाडसाचं समाधान करत नाही म्हणून दोष देणं, ही जोडचूक फार दिसते. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदातच आपण कोणत्या प्रश्नाशी लढतोय ते स्पष्ट लिहा.

इरेनियस आणि हिक यांचीही अशीच सरमिसळ होते. इरेनियस दुसऱ्या शतकातला. माणूस अपरिपक्व घडवला गेला आणि ईश्वराच्या ‘प्रतिमे’तून ‘साम्या’कडे वाढतो, हे त्याचं. एपिस्टेमिक डिस्टन्स, म्हणजे ईश्वराने स्वतःला ज्ञानाच्या पल्ल्यापासून दूर ठेवणं, आणि आत्मघडणीची पूर्ण थिऑडिसी ही जॉन हिकची, १९६६ ची. जगाला ‘आत्मे घडवण्याची दरी’ म्हणणारा शब्दप्रयोग तर कवी कीट्सच्या १८१९ च्या पत्रातला आहे. निबंधात ‘इरेनियसची परंपरा, जिला हिकने रूप दिलं’ असं लिहिलं की काम होतं.

ऑगस्टीनला ‘दुष्टता म्हणजे चांगल्याचा अभाव’ एवढ्यावर सोडू नका. त्याच्या मांडणीत आदिपतन आणि आदमच्या पापात सगळ्यांचा वाटा हेही आहे, आणि आजच्या जीवशास्त्राची टीका नेमकी या दुसऱ्या भागावर बसते. अभावाच्या कल्पनेवर ती बसत नाही.

धर्मानुभव, आणि घरचं ज्ञान

विल्यम जेम्सच्या चार खुणा सगळ्यांना पाठ असतात: शब्दातीतता, ज्ञानगर्भता, क्षणिकता, अकर्तेपण. पण १९०२ च्या त्या पुस्तकात तो या खुणांवरून ईश्वर सिद्ध करत नाही. गूढानुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, बाहेरच्याने तो निमूट मानावा असं बंधन नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. सिद्धतेच्या जवळ जाणारी मांडणी स्विनबर्नची आहे, १९७९ ची: विरुद्ध कारण नसेल तर जे दिसतं ते तसं आहे असं मानावं. दोघांना एकाच माळेत ओवू नका.

ब्रिटनमधल्या मराठी घरांतली मुलं इथे एक खास शिदोरी घेऊन येतात, आणि ती दोन प्रकारे वाया घालवतात. एक तर ‘हे आपल्याकडे आधीच सांगितलंय’ अशी ओळ टाकतात, किंवा घाबरून काहीच आणत नाहीत. खरं तर आणावं, पण त्याने युक्तिवादात काम केलं पाहिजे. उदाहरणार्थ, तुकाराम वर्षानुवर्षं तळमळून पांडुरंगाला आळवतात. मग हा अनुभव अकर्तेपणाच्या खुणेत बसत नाही, असा आक्षेप जेम्सवर घेता येईल. पण जेम्सने आधीच म्हटलंय की पूर्वतयारी माणूस करू शकतो, अवस्था आली की मात्र इच्छा स्थगित झाल्यासारखी वाटते. म्हणजे तुकारामांचं उदाहरण खुणेला छेद देत नाही, उलट तिची मर्यादा स्पष्ट करतं. असा वापर परीक्षकाला पटतो. तसंच बृहदारण्यकातलं ‘नेति नेति’ आणि स्यूडो-डायोनिसियसचा नकाराचा मार्ग: ‘दोन्ही सारखे’ म्हणून थांबलात तर फुकट. नकाराने शेवटी काही ज्ञान हाती येतं का, याचं उत्तर दोन परंपरांत वेगळं का निघतं हे दोन ओळींत सांगितलंत तर उपयोग. ओसीआरच्या तिसऱ्या पेपरात हिंदू धर्माचा पर्याय आहे, पण तो शाळा निवडते. फिलॉसॉफीच्या पेपरात तो भरू नका.

श्रद्धेचं निवेदन आणि श्रद्धेचा धिक्कार, दोन्हींना शून्य गुण. ‘मला वाटतं देव आहे’ हे वाक्य तेव्हाच चालतं जेव्हा त्याच्यामागे ‘कारण’ येतं.

धार्मिक भाषा: एअर, फ्लू आणि पॉपर यांची खिचडी

एअर (१९३६) म्हणतो की जे विधान व्याख्येने खरं नाही आणि अनुभवाने पडताळताही येत नाही, ते अर्थहीन. फ्लू १९५० च्या चर्चासत्रात वेगळंच विचारतो: तुमचं विधान खोटं ठरायला काय घडावं लागेल? काहीच नसेल, तर तुम्ही काही ठाम सांगतच नाही. पॉपरचा खंडनाचा निकष विज्ञान आणि विज्ञानेतर यांत रेघ ओढण्यासाठी होता, अर्थ ठरवण्यासाठी नव्हता. फ्लूचा निकष पॉपरच्या नावावर सरळ चढवू नका. अदृश्य माळ्याची गोष्टही मुळात जॉन विस्डमची, १९४४ ची; फ्लूने ती आपल्या हेतूसाठी बदलून घेतली.

त्याच चर्चासत्रातले हेअर आणि मिचेल एकाच बाजूला बसवले जातात. दोघांत मोठा फरक आहे. हेअर मान्य करतो की धार्मिक वाक्यं खोटी ठरवता येत नाहीत, पण ती ‘ब्लिक’ म्हणून, म्हणजे जगाकडे पाहण्याची मूळ धारणा म्हणून, महत्त्वाची. मिचेल ते मान्यच करत नाही: त्याच्या गोष्टीतला प्रतिकार-सैनिक त्या अनोळखी माणसावर भरवसा ठेवतो, पण विरोधी पुरावा त्याला टोचतो. म्हणजे फ्लूची अट तो अंशतः पुरी करतो.

विट्गेनस्टाइनबद्दल: ‘धर्म हा एक भाषाखेळ आहे’ (म्हणजे त्यातल्या शब्दांना अर्थ त्यातल्याच वापरातून येतो) हा सिद्धान्त त्याने असा तयार करून दिलेला नाही. तो दिशा देतो. धर्माला लागू करून विस्तार डी. झेड. फिलिप्ससारख्यांनी केला.

‘काही म्हणतात, तर काही म्हणतात’

चोवीस गुणांचा भाग इथे बुडतो. दोन बाजू एकमेकींशेजारी ठेवल्या, शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ लिहिलं, झालं. यात मूल्यमापन नाही, यादी आहे. प्रत्येक परिच्छेदात चार गोष्टी हव्यात: दावा, त्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप, त्याला मिळू शकणारं उत्तर, आणि या तिघांवरून इथपर्यंतचा तुमचा निवाडा. नमुना पाहा:

‘बोइथियसच्या मते ईश्वर काळाबाहेर आहे आणि सगळा काळ एकाच वर्तमानात पाहतो, म्हणून त्याचं ज्ञान आपल्या निवडीला बांधून टाकत नाही. पण हे ज्ञान काळात नसलं तरी चुकू शकत नाही, तेव्हा उद्या मी जे करीन ते टळू शकत नाही असं वाटतं. बोइथियसचं उत्तर असं की मी चालताना कुणी पाहिलं म्हणून मी चालणं भाग पडत नाही. अनिवार्यता पाहण्याच्या अटीवर आहे, कृतीत नाही. हा भेद टिकतो, त्यामुळे स्वातंत्र्याचा आक्षेप फसतो. मात्र काळाबाहेरचा ईश्वर प्रार्थनेला प्रतिसाद कसा देईल हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि स्विनबर्न काळातला ईश्वर स्वीकारतो तो इथे अधिक पटतो.’

यात सहाच वाक्यं आहेत, पण निवाडा परिच्छेदातच झाला. असे चार परिच्छेद आणि सुरुवातीला तुमची बाजू सांगणाऱ्या तीन ओळी, एवढ्यात निबंध उभा राहतो. निष्कर्षात नवा तत्त्ववेत्ता आणू नका.

अवतरणं पाठ करण्यात आठवडे घालवू नका. तीन-चार शब्दांची अचूक अवतरणं पुरतात. त्याऐवजी प्रत्येक युक्तिवादासाठी एक कार्ड करा: पुढे आधारविधानं क्रमांक घालून, मागे प्रत्येक क्रमांकासमोर त्यावर बसणारा आक्षेप आणि आक्षेपकाचं नाव. ज्या क्रमांकासमोर जागा रिकामी राहते तिथे तुमचा अभ्यास कच्चा आहे. ओसीआरच्या पहिल्या पेपरासाठी अशी पंचवीस-तीस कार्डं होतात.

वेळ

दोन तासांत तीन निबंध, म्हणजे प्रत्येकी ४० मिनिटं. पाच मिनिटं आराखडा, बत्तीस लेखन, तीन वाचन. आवडता प्रश्न आधी घेऊन त्यावर पंचावन्न मिनिटं घालवणं ही नेहमीची चूक. तिसरा निबंध मग अर्धवट राहतो, आणि त्याचे गेलेले गुण पहिल्याला मिळालेल्या जादा गुणांहून खूप जास्त असतात. मार्चपासून आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून, हाताने लिहा. टायपिंगवर सराव करून परीक्षेत पेनाने लिहिणाऱ्यांचे हात तिसऱ्या निबंधात थकतात.

शिक्षकांकडून निबंध परत आला की गुण पाहून फाइलला लावू नका. दोन रंगांची पेनं घ्या. तत्त्ववेत्त्याने काय म्हटलं हे सांगणारी वाक्यं एका रंगाने अधोरेखित करा, ते का टिकतं किंवा का टिकत नाही हे सांगणारी दुसऱ्याने. पान पहिल्याच रंगाने भरलेलं असेल, तर दुसरा रंग सर्वांत कमी असलेला परिच्छेद निवडा, त्याच दिवशी पुन्हा लिहा आणि शिक्षकांना तेवढाच परिच्छेद तपासायला द्या.